वारस एकच

पार्वताबाई : थांब ना, पोरी. एवढ्या घाईनं बोट फिरवशीन तं म्हातारीले काय दिसंन? चष्मा आत हाये. तूच वाच.

रंजिता : वाचते, आजी. कामठ्याची शाळा. जुनी रजिस्टरं फोटो काढून साइटवर टाकली आहेत. हे जुलै एकोणपन्नासचं पान. चौथी ओळ, 'पार्वता दुधराम शहारे, वय सात, जात महार, बापाचा धंदा मजुरी.'

पार्वताबाई : अगो माय! मीच हावो ते! अजून हाये का माहं नाव तिथं?

रंजिता : आहे. अन् तुझं एकटीचंच आहे. आपल्या अख्ख्या घराण्यात पन्नासच्या आधीचा हा एकच कागद. दोन महिने मी मोबाइलवर पानं पालटून राहिली होती. आधी तर पोरींच्या ओळी सोडूनच देत होती. दुधराम, केवळराम, नुसती माणसांची नावं पाहत होती.

पार्वताबाई : मंग? माह्या भावाचं, केवळ्याचं नाही सापडलं?

रंजिता : सापडलं ना. आजोबांचं नाव सत्तावन्नमध्ये टाकलं शाळेत. जातीच्या खान्यात 'बौद्ध'.

पार्वताबाई : बाबानंच लिवून घेतलं तसं. मास्तर म्हने, पहिलीच जात लिवतो. बाबा तिथंच फतकल मारून बसला. म्हने, ते नागपुरात टाकून आलो, आता पोराच्या नावापुढं लिवायची नाही. गावात आठ दिवस हेच सांगत फिरे.

रत्नपाल : अन् आता तेच लागून राहिलं, आत्या. टाकलेली जात कागदावर दाखवा म्हणतात जात पडताळणीवाले, तेही पन्नासच्या आधीची. नाही दाखवली तर व्हॅलिडिटी नाही. व्हॅलिडिटी नाही तर रंजिताची नर्सिंगची सीट गेली. पाच तारखेपर्यंत टाइम आहे.

पार्वताबाई : पाच मतलब परवा. अन् तुले आत्या आज आठवली. केवळ्याच्या मातीले भेटला होता, नऊ वरसं झाले. कामठ्याहून कोहमाऱ्याले काय समुंदर पार करा लागते?

रत्नपाल : कामंच अशी राहतात, आत्या...

पार्वताबाई : राहू दे. पोरीचं बोल. माहं नाव सापडलं, मंग द्या नेऊन. मले कायले विचारता?

रंजिता : दिलं, आजी. ते म्हणतात, ही पार्वता तुमची कोण? तुमच्या वंशावळीत तर नाही.

पार्वताबाई : काऊन नाही?

रत्नपाल : ते टायपिंगमध्ये राहून गेलं, आत्या. तेवढंच.

रंजिता : बाबा, खोटं काऊन बोलता? आजी, मी सांगते. बाबांनी वंशावळ जुन्या फेरफारावरून काढली. तुझे बाबा वारले तेव्हा जमीन आजोबांच्या नावावर चढली, तो फेरफार. तोही साइटवर आहे. त्यात लिहिलं आहे, 'मयताला वारस एकच, मुलगा केवळराम. मुलगी नाही.' खाली आजोबांची सही.

पार्वताबाई : केवळ्यानं लिवून देलं?

रंजिता : हो.

पार्वताबाई : मुलगी नाही म्हनून?

रत्नपाल : तेव्हा समदेच तसं करत होते, आत्या. पटवारीच सांगे. बहिणी कुठं गोळा करता, त्यांच्या सह्या कुठं घेता. मनात काही नव्हतं बाबांच्या.

पार्वताबाई : त्याच्या मनातलं मले नोको सांगू. दुसरीत होती मी. पाटीवर पाढे लिवत होती. हा जन्मला, माय धानाच्या बांधीत जाय, याले पाहा कोन? मास्तर घरी आला बलावाले, तं माय म्हने, पोरगा रडते. कडेवर केवळ्या आला अन् माही शाळा सुटली. चालाले मी शिकवलं त्याले. अन् तो म्हनते, मी नाहीच!

रंजिता : आजी, पाणी आणू?

पार्वताबाई : नोको. अन् दरसाल लुगडं घेऊन येई माह्या घरी. इथंच बसे, तू बसला तिथं. म्हने, बाई, तुह्याशिवाय मले कोन हाये? अन् तिकडं कागदावर बहीनच नाही. माह्या पोटच्या लेकराईच्या आधी मी याचा गू-मूत काढला रे!

रत्नपाल : म्हणूनच आलो, आत्या. चूक दुरुस्त करू. वकिलाकडून टाइप करून आणलं, पार्वताबाई ही केवळरामची सख्खी मोठी बहीण. बस. तू अंगठा लाव, आम्ही निघतो. आजच द्यायचं आहे.

पार्वताबाई : दोन कागद दिसून राहिले.

रत्नपाल : एकाच कामाचे आहेत. इथं एक अन् इथं एक. शाईचं पॅड आणलं आहे मी.

पार्वताबाई : रंजिता, आत खाटेवर चष्मा हाये. आन बरं.

रत्नपाल : अवो, वाचत कायले बसतेस? वकिली भाषा आहे. मलाच समजत नाही.

पार्वताबाई : दुसरीपर्यंत गेली म्हनलं ना तुले. अंगठा नाही लावत मी. माहा पोरगा कैलाश ढाब्यावर जाते, तं सामानाची यादी मीच लिवून देतो त्याले. हं, दे इकडं.

(ती ओळीवर बोट ठेवून वाचते. बराच वेळ.)

पार्वताबाई : हा एक बरोबर हाये. सख्खी बहीन, मोठी. अन् हा दुसरा... 'वडिलोपार्जित शेतजमिनीतील माझा हक्क... मी राजीखुशीने... कायमचा सोडून देत आहे.'

रंजिता : काय? बाबा, हे काय आहे?

रत्नपाल : फॉर्मॅलिटी आहे, बेटा. समजून घे. आत्या कागदावर बहीण झाली का दीड एकरात हिस्सा लागते. उद्या कैलाश उभा राहिला तर? त्याची पोरं उभी राहिली तर? मी काय करू?

रंजिता : मला सांगितलं नाही तुम्ही. गाडीवर सबन रस्ता मागं बसून आली मी, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

रत्नपाल : तुझ्यासाठीच करून राहिलो ना समदं!

पार्वताबाई : पोरीच्या आड नोको लपू. सांग, अल्काकडून बी असाच कागद घेतला का?

रत्नपाल : अल्काचा काय संबंध? ती माझी बहीण आहे. तिनं राजीखुशीनं दिलं.

रंजिता : अल्का आत्यानं वाचला होता तो कागद?

रत्नपाल : घरच्या घरी कोणी वाचत बसते का!

पार्वताबाई : वा रे वा! बापानं बहीन नाही म्हनून लिवलं, पोरानं बहिनीकडूनच लिवून घेतलं. अन् माहं तं एकाच पॅडवर. एका कागदावर मी जन्मली, त्याची शाई वाळायच्या आत दुसऱ्यावर मेली.

रत्नपाल : आत्या, तुला जमीन पाहिजे आहे का? सांग ना खरं. या वयात?

पार्वताबाई : तुही जमीन जाय चुलीत! तोंडानं मांगितली असती तं तोंडानं देली असती. चहा पिता पिता देली असती. चोरावानी काऊन आनला कागद?

रत्नपाल : चुकलं. पाया पडतो. पण दोन्हीवर कर, आत्या. पोरीचं साल जाईन.

पार्वताबाई : दोन्हीवर नाही. एकावर करतो.

रत्नपाल : मतलब?

पार्वताबाई : मतलब एकच. बहीन हाये म्हनून लिवलं तो, नाही तं हक्क सोडला तो. बहीन म्हनून सही करीन तं हिस्सा बी माहा राहीन. हक्क सोडीन तं पोरीचा कागद नाही. कोनता पायजे ते तू सांग. पोरीसमोर सांग.

रत्नपाल : असं कसं, आत्या? हा काय खेळ आहे?

पार्वताबाई : मी नाही खेळून राहिली.

रंजिता : बाबा, सांगा ना.

रत्नपाल : थांब, रंजिता.

रंजिता : यात थांबण्यासारखं काय आहे, बाबा?

रत्नपाल : जमीन आहे ती. सोप्पं नाही. एकदा कागदावर हिस्सा लागला का... मी वकिलाला फोन करून पाहतो. दोन मिनिटं विचार तर करू दे मला!

रंजिता : दोन मिनिटं?

पार्वताबाई : रडू नोको, बाई. आन तो पहिला कागद, बहीन लिवलेला, अन् पेन दे. त्याचा विचार होऊ दे.