मुलं दिसली की झालं

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीआधी औषध घालून डोळे मिटून बसायला सांगितलेलं, त्यामुळे मास्तरीणबाईंना बाकावरच्या शेजारणींचे नुसते आवाज येत होते. एक तरुण, दुसरी म्हातारी.

"म्हणजे तुम्ही आमच्याच गावच्या. ते गावाबाहेरचं जुनं घर आम्हीच घेतलंय, मावशी."

"कळलं मला. मुलं किती?"

"बघा, तुम्हीपण तेच. दूधवाला दूध घालतो आणि हलत नाही, मुलं कुठायत म्हणे. पोस्टमनचं तेच, गिरणीवालीचं तेच. दोघं दारात दिसली, की आल्या पावली परत."

"मग दाखवायची की."

"रोज? आमच्या ह्यांचं डोकंच फिरलं. आज फाटकाला आतून कुलूप घातलंय. म्हणाले, एक दिवस तरी निवांत जाऊ दे."

"कुलूप नको गं, पोरी."

"का?"

"आधीच्यांचंही फाटक बंदच असायचं. तीन मुलं होती. एका उन्हाळ्यात दिसेनाशी झाली. लोक म्हणाले, आजोळी गेली असतील. बड्यांचं घर, विचारणार कोण?"

"मग?"

"आतल्या खोलीतच होती. आईबापांनी उपाशी कोंडलेली. धाकटी तेवढी वाचली."

"आणि कुणीच विचारलं नाही?"

"आता विचारतात."

मास्तरीणबाईंनी डोळे उघडले. समोर सगळं धूसर होतं. कुणाचा तरी फोन वाजला.

"हं, बोला. फाटकाशी? किती जण? अहो, भांडू नका त्यांच्याशी. आधी कुलूप काढा. आणि मुलांना बाहेर आणा, दोघांनाही. सगळ्यांना नीट दिसतील असं उभं करा."