ओवीची रिकामी सीट

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक खोटा आहे, तो शेवटी सांगतो.

पाच वर्षांच्या ओवीला घेऊन मी बोरिवलीला सफारीला गेलो. बसमध्ये तिने माझा हात घट्ट धरला होता. तेवढ्यात खिडकीच्या जाळीशी हा एवढा वाघ! हात सोडवून मी व्हिडिओ काढला. वळून बघतो तर ओवीची सीट रिकामी.

मी ओरडलोच. "ड्रायव्हरदादा, दार उघडलं होतं का?"

"इथे दार कोण उघडेल, साहेब? सीटखाली बघा."

ओवी तिथे डोळे गच्च मिटून बसलेली. "बाबा, हळू बोल ना. वाघाला मी आता दिसणार नाही."

खोटा फक्त वाघ. जाळीवर माकड होतं, यार. पण माकडासाठी पोरीचा हात सोडला, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार? तिलाही वाघच सांगितलाय.