अवनीचा ठणठणीत गुडघा

—नाही नाही, अस्मिताताई, गुडघा तिचा ठणठणीत आहे हे मलाही माहितीये, प्रॉब्लेमच तो आहे. दुखत असता तर तुमच्याकडे आणलं असतं का — म्हणजे आणलंच असतं, अख्ख्या अल ऐनमध्ये मराठी फिजिओथेरपिस्ट तुम्ही एकट्या — पण मग असं दार लावून बोलावं लागलं नसतं. अवनी आत तुमची ती व्यायामाची सायकल मारतेय ना? मारेल अजून थोडा वेळ? बरं. तर तुम्ही फक्त एवढंच करायचं — तिला बोलवायचं, गुडघा इकडून तिकडून दाबायचा, चेहरा जरा गंभीर करायचा आणि म्हणायचं, बेटा, इथे वीकनेस आहे, वर्षभर ते ऑस्ट्रेलियन फुटबॉल, तुमचं फूटी, बंद. खलास. लिहून काही नको, तुम्हाला अडचणीत आणणाऱ्यातला मी नाही, नुसतं तोंडी. मी बाप, माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल, तुमच्या अंगावर पांढरा कोट आहे.

का म्हणजे? आमची सुहासिनी बोलली नाही तुम्हाला? मेलबर्नहून बोलावणं आलंय तिला. शाळेला सुट्टी लागली की सहा आठवड्यांचा कॅम्प, परदेशात वाढणाऱ्या मुलींसाठी — आणि तिथे आवडली तर तिकडेच शाळा, तिकडेच होस्टेल, पुढे त्यांच्या लीगची तयारी. कोच स्वतः घरी आला होता सांगायला. ऑस्ट्रेलियन माणूस, सुहासिनीचे पोहे दोनदा मागून घेतले, आणि मला म्हणतो, अशी मुलगी मी इतक्या वर्षांत पाहिली नाही. मी म्हटलं, सर, इतक्या वर्षांत ज्या पाहिल्यात त्यातल्या आज खेळतायत किती? मग मी लॅपटॉप उघडला.

हो, तेच प्रेझेंटेशन. ‘टॅलेंटेड फूटी प्लेअर्सची करिअर्स लवकर का संपतात’. तुम्ही पाहिलंय की, आपल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात, पहिल्या रांगेत होतात, श्रीखंडाआधी. आता मी पडलो सेफ्टीवाला. कंपनीत माझं कामच ते — काही घडायच्या आधी काय काय घडू शकेल ते शोधून काढायचं. मला शिडी दिसली की शिडी दिसत नाही, खाली पडलेला माणूस दिसतो. तशी या खेळाची मी पद्धतशीर रिस्क असेसमेंट केली. लांबट बॉल, क्रिकेटच्या मैदानाएवढं मैदान, एका बाजूला अठरा जण, डोक्यावर हेल्मेट नाही, खांद्याला पॅड नाही — आणि बॉल हवेत असताना पकडायला दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर चढायचं, त्याला टाळ्या. माझ्या साईटवर कोणी असं चढलं तर त्याच दिवशी घरी पाठवीन. मग गुडघ्यातला लिगामेंट तुटतो, ऑपरेशन, परत खेळायला जा, परत तुटतो. डोक्याला मार — एकदा, दोनदा, मग डॉक्टरच म्हणतात बस. लांबच्या गावातली पोरं अठराव्या वर्षी उचलून मोठ्या शहरात आणतात, त्यांना घरची आठवण येते, करमत नाही, काही पितात, काही नुसतीच रडतात, आणि क्लब म्हणतो थँक यू. प्रत्येक कारणाला वेगळी स्लाईड, लाल-पिवळा-हिरवा रंग. हिरवा कुठेच नाही.

आणि इम्पॅक्ट काय झाला बघा त्या भाषणाचा. वसईच्या लिओने दुसऱ्याच आठवड्यात आपल्या शेल्डनला क्लबमधून काढलं — काय डावा पाय होता त्या पोराचा — आता चर्चमध्ये गिटार वाजवतो, सेफ. मग ते दोघे भाऊ, मग ती कॅमिला, मग तुमचा वेदांग. मंडळातली सगळी मुलं एका सीझनमध्ये बाहेर. मी लगेच डेटा अपडेट केला. आपल्या मुलांचं या खेळातलं सरासरी करिअर — दीड सीझन. ऑस्ट्रेलियात भरपूर मोडतोड होऊनसुद्धा इतकं कमी नसतं. यावरून काय दिसतं? हा खेळच आपल्या लोकांना झेपणारा नाही, हेच दिसतं. रास अल खैमाच्या मंडळाने मुद्दाम बोलावलं मला, तिथे हा ग्राफ दाखवला तर बायका अक्षरशः च्‌ च्‌ करत होत्या.

नाही, त्यांना काढलं म्हणूनच ती बाहेर पडली, बरोबर — पण बाहेर पडली ना? रिपोर्टमध्ये कारण कोण बघतं, आकडा बघतात.

वेदांगचं उदाहरण तर मी आवर्जून देतो. वाऱ्यासारखा पळायचा, बॉल कुठे उसळणार ते त्याला आधी कळायचं, त्या लांबट बॉलचं बॉलला तरी कळतं का — आणि वेळेत बाहेर पडला. कसा आहे आता? खोलीतच असतो? असू दे. जेवायलाही आतच नेतो? वय आहे ते, अस्मिताताई. बोलत नाही तर नाही बोलत, पण गुडघे बघा त्याचे, एक ओरखडा नाही. तुम्ही त्या दिवशी माझं ऐकलंत म्हणून. असं नका बघू, आभार मानायला हवेत असं मी म्हणत नाही.

राहिली फक्त अवनी. लोक मला विचारतात हो, विजयकुमार, तुमची स्वतःची मुलगी कशी खेळते अजून? क्रेडिबिलिटीचा प्रश्न आहे. मी काय कमी समजावलं तिला? डायनिंग टेबलवर पूर्ण प्रेझेंटेशन दिलं, प्रश्नोत्तरांसकट. शेवटपर्यंत ऐकलं तिने, आणि उठताना म्हणते, ‘बाबा, यू मिस्ड द रूट कॉज.’ एवढंच, आणि गेली बूट घालायला. आता रूट कॉज म्हणजे माझा धंदा, अपघात झाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, मूळ सापडतं. मी रात्रभर — बरं, रात्रभर नाही, पण बराच विचार केला. इथली गरमी? ती घातली. शाळेचा अभ्यास? घातला. अजून काय राहिलं? तुम्हाला सुचतंय का काही? नाही? हसताय का?

मी तिच्या विरुद्ध आहे असं समजू नका. सगळ्या मॅचेस बघतो मी. दुबईपर्यंत गाडी मीच चालवतो, दीड तास जायला, दीड तास यायला, कंपनीत हाफ डे टाकून. व्हिडिओ काढतो — रिस्क असेसमेंटसाठी काढायला लागलो, पण आता फोनमध्ये दुसरं काही मावत नाही. ती उडी घेते ना, तेव्हा क्षणभर वरच थांबते, खाली यायचं विसरल्यासारखी, आणि मी खुर्चीतून अर्धा उठलेला असतो. भीतीने. म्हणजे भीतीनेच असणार, दुसरं काय. शेजारी बसलेली ऑस्ट्रेलियन बाई मला म्हणाली, तुम्ही रडताय. मी म्हटलं वाळू.

आणि ती गेली मेलबर्नला तर घरात काय राहणार सांगा. आमच्या घरात बोलणं म्हणजे अवनी. म्हणजे अक्षरशः. सुहासिनी म्हणते, अवनी, बाबांना विचार चहा घेणार का — मी तिथेच बसलेलो असतो. मी म्हणतो, अवनी, आईला सांग अर्धा कप. भांडण वगैरे काही नाही हो, कधी सुरू झालं तेही आठवत नाही, ती लहान होती, गंमत वाटायची, मग तसंच पडलं. आता ती सहा आठवडे नसली तर चहाचं कोण विचारणार? आणि कायमची गेली तर — एकदा ती शाळेच्या ट्रिपला गेली होती अबू धाबीला, दोन दिवस आम्ही दोघांनी टीव्ही एवढा मोठा लावला की वरच्या मजल्यावरच्या हम्मादने दार वाजवलं. हे मी तुम्हाला का सांगतोय? ह्याचा गुडघ्याशी काही संबंध नाही. गुडघ्याचं बोलू.

तर बोलवा तिला. सायकलचा आवाज बंद झालाय मघापासून. पडदा कशाला उघडताय, ऊन येईल — बाहेर? मागच्या लॉनवर? बॉल बॅगेत घेऊनच फिरते ती, डॉक्टरकडेसुद्धा. आणि तो कोण, बॉल टाकतोय तो? केस वाढलेला? वेदांग? तो कसा आला — तुम्ही आणलंत. परत जाणार क्लबला? कोण म्हणालं? तो स्वतः बोलला? हां. अवनीने विचारलं म्हणून. हां.

म्हणजे तुम्ही तिला आधीच सांगितलंत, गुडघा फिट आहे म्हणून. मी आत यायच्या आधीच. मग मला एवढा वेळ का बोलू दिलंत, मी आपला — थांबा, थांबा, उंच मारला त्याने, तो नाही मिळणार, खूप मागे जातोय — मिळाला. बघितलंत? वरच थांबली की नाही? आणि उतरली कशी, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, शिकवायला लागत नाही हो तिला. फोन कुठे माझा. हा. नको, आता व्हिडिओ नको.

काय म्हणालात? रूट कॉज? कोण? मी?

नाही, बरोबर आहे, बाहेर पेशंट थांबलेत, खैरुन्निसाबाईंची वेळ झाली, उठतो मी. कॅम्पचं उत्तर आज द्यायचंय, ते मी अवनीला सांगतो, ती आईला — ती खेळतेय, हो. बोलवत नाही. मी करू? सुहासिनीला? नंबर आहे हो, अर्थात आहे. बोलू काय पण? नुसतं गुडघा ठीक आहे म्हणून? आणि मग ती काही म्हणाली तर?

बरं. तुम्ही दार उघडू नका एक मिनिट.

हॅलो. सुहासिनी. नाही, अवनी ठीक आहे. नाही, फोन तिला देत नाही. मी बोलतोय. मीच.