मंडईआधी अपडेट नाही

आमच्या ट्रान्सपोर्टच्या व्हॉइसमेलवर ड्रायव्हरांच्या बायका निरोप ठेवायच्या, अन् ड्रायव्हर ढाब्यावरून फोन लावून ऐकायचे. दिवाळी सरली तसा नागपूरचा इंजिनिअर सीडी घेऊन हजर.

"दिवाळी झाली, आता फोन कमी. आजच सर्व्हर अपडेट करू."

मी दारातच उभा राहिलो. "साहेब, गावोगावी मंडईची जत्रा भरून राहिली. पाहुण्यांना बोलवायचे निरोप आहेत सारे. आज मशीनले हात लावू देत नाही."

"मंडईसाठी अपडेट काऊन थांबवायचं?"

"मग तुमचाच निरोप ऐका. तुमचा मोबाइल लागत नव्हता, म्हणून तुमच्या सासऱ्यानं आपल्या इकडच्या गोरेगाववरून इथं फोन केला."

मशीन बोललं, "जावईबापू, उद्या आमची मंडई. आले नाही, तं पोरीले माहेरातून पाठवत नाही म्हणजे नाही."

साहेबानं सीडी बॅगेत टाकली. "गोरेगावची बस किती वाजता आहे?"