खाडीची वही

नियमांच्या बाबतीत मी फार कडक होते गं, त्याचंच सांगते. पनवेलला आमच्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात एकदा खाडीकाठच्या गावातले एक काका आले. त्यांचे वडील वर्षानुवर्षं खाडीचं पाणी मोजून आमच्या शास्त्रज्ञांसाठी वहीत आकडे लिहायचे.

“वाचायची नाय, नुसतं बापसाचं अक्षर बघायचं हाय,” काका म्हणाले.

वही माझ्या मागच्याच कपाटात होती. तरी मी म्हटलं, “आधी अर्ज आणा.”

पुढच्या आठवड्यात ते अर्ज घेऊन आले. तोवर जुन्या वह्या रद्दीत गेल्या होत्या, माझ्याच सहीने. त्यांची वही बाजूला काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी खाली मान घालून तसं सांगितलं.

काका उठले. “अर्ज तरी ठेवा, मॅडम. त्यात बापसाचं नाव हाय.”