पुढं जाणारं गाणं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या सरपंच आदरणीय ललिताताई, मंचावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्या बदलीनं आज आपली सर्वांची तोंडं उतरली आहेत त्या दिव्यानी मॅडम, आणि रश्श्याच्या वासाकडं नाक करून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, गुणाबाईचा नमस्कार स्वीकारावा. मला दोनच मिनिटं दिली आहेत. बचत गटाच्या अध्यक्षाच्या हाती माइक देऊन वर घड्याळ दाखवणं, हे काही बरोबर नाही.

मॅडम आपल्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या डॉक्टर. माझ्या घरच्यांना, ते काय पहिल्या रांगेत बसलेत, कंपवात आहे. हात थरथरतात ते एक वेळ चालून जाते हो. पण पाय! दाराशी आले की जमिनीला चिकटले म्हणून समजा. वर्षभर माणूस घराबाहेर नाई. धानाची बांधी घरामागं, हाकेच्या अंतरावर, अन् हे मले बाजेवरून पुसत, "धान कसा दिसते वं?" मले रडू ये. मी काही रडली नाई, खेकसली त्याईच्यावर.

शेवटी बाजेसकट उचलून दवाखान्यात नेलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, मेंदूतून पायांना मिळणारा ताल अडलाय. आपण बाहेरून ताल देऊ, पाय ऐकतील." असं औषध आपल्या गावात कोणी आयकलं होतं काय, सांगा बरं? त्यांनी मोबाइलवर बासरी लावली. यायले मस्त झोप लागली.

मग मॅडमनी ओळखीचं गाणं मागितलं. मी म्हटलं, रोवण्याचं आहे ना! लावला सूर. अन् काय सांगू बाई, पाय उठले! एक, दोन, तीन... पण मागं! चिखलात धान रोवताना माणूस मागं-मागंच सरकते. लहानपणापासून मायसंग रोवणा केलेला, पायाले तेवढंच ठाऊक. मॅडम ओरडून राह्यल्या, "काका, पुढे, पुढे!" काका जाऊन वजनकाट्यावर चढले. एकसष्ट किलो भरले.

मॅडम हसून हसून खालीच बसल्या. म्हणाल्या, "काकू, पुढं जाणारं गाणं नाही का हो तुमच्याकडं?"

आता पुढं काय जाते? वरात! वरात मागं गेलेली कोणी पाह्यली आहे काय? दुसऱ्या दिवशी मी घरी पिठाचा डबा रिकामा केला अन् वरातीचा ठेका धरला. माणूस दार ओलांडून गेला! आमच्या लग्नातही एवढ्या ऐटीत नव्हते चालले. बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून धान पाहत होते, अन् मी मागं डबा बडवत रडत होती. हो, रडली. काऊन खोटं बोलू?

पण ठेका थांबला की पाय थांबत. एकदा मले ठसका लागला, तर हे बांधीत बगळ्यासारखे उभे. मॅडम रोज सांगत, "काका, गाणं मनात म्हणायला शिका." चार महिने झाले, एकदाही जमलं नाई. मॅडम चालल्या, अन् मले हाच घोर आहे. मी नसली तर या माणसाले ठेका कोण देईल?

असो. मॅडमले शाल-श्रीफळ त्याईच्याच हातून द्यायचं आहे. एक विनंती. ते उठले की टाळ्या वाजवू नका. तुमची टाळी एक इकडं, एक तिकडं, पाय गोंधळतात. ठेका मी धरते. थांबा, घसा साफ करू द्या.

अजी, थांबा ना! मी अजून सुरूच नाई केलं!

अगं माय... चालून राह्यले, अन् ओठ हालून राह्यले त्याईचे.

मंडळी, आभार मानायचे होते, सगळेच राह्यले. कोणाचं नाव सुटलं असंल, कोणाले शब्द लागला असंल, तर लेकीबाळीचं म्हणून सोडून द्या. मॅडम, तुम्ही उठू नका. त्याईले येऊ द्या.