शेवट कोणी बघितला?

…नाही मावशी, आधी ती रेघच दिसली मला. टीव्हीवरच्या ॲपमध्ये सिनेमाच्या चित्राखाली लाल रेघ असते ना, कुठवर बघून झालंय ते दाखवणारी — ती पार टोकाला गेलेली. आता तुम्ही म्हणाल, त्यात घाबरण्यासारखं काय? आहे. आमच्याकडे कौटुंबिक सिनेमा शेवटपर्यंत कोणी बघतच नाही. बाबा वारल्यापासून शेवटची वीस मिनिटं आली की आई उठते — "बंद कर गो, आता सगली येतील एकत्र, मना न्हाय बघवत." सगळे सिनेमे तसेच अर्धवट पडलेले. आणि मंगळवारी दुपारी बघते तर हा एक पूर्ण. आईला विचारलं. "मी? शेवट? याड लागलंय तुला." मी तर बघितला नव्हता. घरात आम्ही दोघीच.

— अगं बाई! लाँचचा भोंगा होय. किती दचकले. नाही, नाही, बसा, ही नुसती माणसं उतरवायला आलीय. भाऊच्या धक्क्याला जाणारी अजून यायची आहे. रेवसला वाट बघणं आलंच. तर, मला विचाराल तर हे सिनेमे खोटेच. बारा माणसं एका टेबलाशी जेवतात, खरकटं कोणी उचलत नाही. घर सोडून गेलेला मुलगा नेमका आरतीच्या वेळी दारात. दाढी वाढलेली, पण शर्टाला इस्त्री! — हसलात ना? दीपेशदाही असाच हसायचा. माझा भाऊ. त्याला ते अवकाशातलं आवडायचं, मालिका, चार-चार भाग एका बैठकीत. आवडायचं म्हणजे — आवडतं. आवडतं म्हणायचं होतं मला.

मला त्यातलं काही कळत नाही. दारं आपोआप उघडतात, कोणी कधी कडी लावत नाही, कोणाला आई नाही, कोणाला भूक नाही. त्यात एक बाई रोज पृथ्वीला निरोप पाठवते, आणि पृथ्वी उरलीय की नाही हेच तिला माहीत नाही! मी म्हणायचे, एवढी शिकलेली बाई, उत्तर येत नाही तर बोलते कशाला? तो म्हणायचा, "तू गप ना जरा." तर ती मालिका, मावशी — तीसुद्धा दोन भाग पुढे गेलीय.

कुठे असतो? कामाला. म्हणजे… कामाला नाही. संक्रांतीनंतर गेला, नऊ महिने झाले. ट्रेलर चालवायचा, कंटेनरचा. गेल्या वर्षी गाडीखाली एक दुचाकीवाला आला. याची चूक नव्हती, सगळे म्हणाले, कागदावरही तसंच आलं. पण हा घरीच बसला, पडदे ओढून, चार महिने, ती अवकाशयानं बघत. आणि मी — परीक्षा होती माझी, आवाज सहन होईना — मी म्हटलं, जा मग तिकडेच अवकाशात, इथे तरी जागा होईल. सहज म्हणतो ना आपण? सकाळी अंथरूण घडी करून ठेवलेलं. त्याने आयुष्यात कधी घडी केली नव्हती.

पण तोच असणार, ऐका ना. त्या ॲपचं खातं त्यानेच काढलेलं, पासवर्ड माझं नाव. पण बरोबर नाही! आई मला जागृती म्हणत नाही, जागुर्ती म्हणते, आणि यानेही इंग्रजीत तसंच घातलं. कॉलेजात होते मी, केवढी चिडले. तो गेल्यावर मी पासवर्ड बदलला, रागाने. म्हटलं, मालिका बंद पडली की झक मारत फोन करेल. नाही केला. गणपतीत परत जुना ठेवला. मग सांगा, आता आत यायला ते चुकलेलं नाव कोणी टाकलं? आईला टाइप करता येत नाही. उरलो आम्ही दोघं. — हो, पण मोबाइलच्या दुकानातली हेमांगी म्हणते, फोनला जुने पासवर्ड लक्षात राहतात. फोन कोणाच्याही हातात असू दे.

पोलिस? केली ना तक्रार. मे महिन्यात बोलावलंही होतं. खाडीत एक सापडला होता. वय जुळत होतं. मी सांगितलं, हा नाही. सही केली. आईलाही सांगितलं, नाही गं, तो नव्हेच. ती त्या दिवशी पोटभर जेवली. — खात्री म्हणजे? पाय बघितले मी. बोटं. दादाची अशी नाहीत… तोंडावर कापड होतं. ते साहेब म्हणाले, काढू का? मी म्हटलं, नको. नको, ओळखलं मी, नाही तो. — हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं? आमच्या गावात कोणी ओळखीचं नाही ना तुमचं? शप्पथ?

त्याचा फोन नऊ महिने बंद लागायचा. कालपासून वाजतोय. वाजतो, वाजतो, कोणी उचलत नाही. घरी आईसमोर लावता येत नाही, म्हणून इथे येते. आता हा चौथ्यांदा. ती बघा, तुमची लाँच लागली. पिशवी घ्या. नाही, मी नाही येत, मी कशाला — वाजतोय. तो असला तर काय बोलू, आणि तो नसला तर —

उचलला.

मावशी, जा तुम्ही. जा ना, सुटेल ती. — हॅलो? हॅलो, कोण बोलतंय? … मागे टीव्ही लागलाय. हॅलो? … कोणीतरी आवाज कमी केला —